साडेतीनशे चंद्र

"काय गो, आज किती चंद्र झाले?"

दसरा उलटला की आई मला रोज संध्याकाळी हा एकच प्रश्न विचारते. चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता विचारते आणि उत्तराची वाट न बघता आत निघून जाते. उत्तर काहीही असलं तरी तिला ते कमीच वाटणार असतं. मलाही कमीच वाटतं. मग मी चहा पिते आणि पुन्हा शिक्का उचलते.

मी चित्रं काढते. शिकले मुंबईत, काही वर्षं तिथेच जाहिरातींसाठी दुसऱ्यांच्या डोक्यातली चित्रं काढली, आणि मग रत्नागिरीला परत येऊन घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. दुकान म्हणजे मी, माझ्या कोरण्या आणि ओले कागद वाळत घालायला आई. हाताने छापलेली शुभेच्छापत्रं करते, वह्यांची मुखपृष्ठं करते, पण खरा जीव जातो तो कॅलेंडरात. भरती-ओहोटीचं कॅलेंडर. तारखा, तिथ्या आणि भरतीच्या वेळा बाजारातल्या छापखान्यात छापून आणायच्या. दर महिन्याचं चित्र लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीवर कोरायचं, त्याच्यावर रोलरने शाई फिरवायची आणि कागद दाबून उचलायचा. आणि शेवटी प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या रात्रीचा चंद्र, एकेक करून, हाताने उठवायचा.

अमावास्या सोडल्या तर वर्षाचे साडेतीनशेच्या वर चंद्र होतात. एका कॅलेंडरचे. अशी दीडशे कॅलेंडरं.

ही कल्पना माझीच होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हाताने उठवलेला चंद्र कधी गडद येईल, कधी फिका, आणि तीच त्यातली गंमत. गंमत पहिल्या दहा कॅलेंडरांपर्यंत टिकली. आता चौथं वर्ष संपून पाचवं चालू होतं आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायचं, की सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा आईला कापायला सांगावा लागे. डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा दिला आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. विश्रांती द्यायला डावा हात हुशार हवा होता.

म्हणून या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की हे शेवटचं. कॅलेंडर बंद म्हणजे दुकान बंद, कारण बाकीच्या सगळ्या वस्तू त्याच्याच आधाराने जातात. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं." एवढंच. तिने काही वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

अंगठा हे कारण मी जगाला सांगायला ठेवलं होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायची मला लाज वाटायची. इतकी वर्षं काम करून मला असं वाटायला लागलं होतं की ते कुणी बघतच नाही. घेतात, हो. घेतात, फोटो काढतात, खाली बदामाची चिन्हं टाकतात. पण बघत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत मी गणपतीपुळ्याला टेबल लावते. देवदर्शन झालेली, हातात कोकम सरबताची बाटली असलेली माणसं येतात, कॅलेंडर उलटं-सुलटं करतात आणि विचारतात, "यात सुट्ट्या दिल्यात का?" एकजण म्हणाले, "हाताने केलंय म्हणता, मग सगळे चंद्र सारखे कसे?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "हाताने केलंय ना, म्हणूनच मेले सारखे नाहीत." दोघांनीही घेतलं नाही. आमच्या गावात तर कॅलेंडर विकत घ्यायची वस्तू असते हेच कुणाला पटत नाही. पतपेढीचं येतं, सोनाराचं येतं, निवडणूक जवळ असेल तर घरटी तीन येतात. "छान आहे हो," असं म्हणून शेजारी माझं कॅलेंडर परत माझ्या हातात देतात.

फुकट असूनही जे मी दरवर्षी आठवणीने पोचवते ते एकच, शेजारच्या चाचांना. चाचा ऐंशीच्या घरातले. उभं आयुष्य बोटीवर काढलं, म्हणजे मालवाहू जहाजांवर खलाशी होते. आता मुलगे आखातात, बायको वारलेली, सून-नातवंडं मागच्या घरात, आणि चाचा सकाळ-संध्याकाळ पुढच्या पडवीत आरामखुर्चीत. भरतीचं गणित मला त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. छापखान्यात कागद देण्याआधी मी त्यांच्याकडे बसून वर्षभराच्या वेळा तपासून घेते. ते डोळे मिटून ऐकतात आणि चुकलं की खुर्चीच्या हातावर बोट आपटतात.

फक्त ते बोलतात फार. एकदा बोटीवरचं निघालं की आवरत नाही. मी माझं काम बरोबर घेऊन जाते, कोरता कोरता "हं, हं" करते, आणि ते कुठल्या कुठल्या बंदरांची नावं घेत राहतात. कॅलेंडर दिल्यावर मात्र कधी चकार शब्द नाही. हातात घेतात, लांब धरून बघतात, मान हलवतात आणि आत नेतात. चार वर्षांत एकदाही छान झालंय म्हणाले नाहीत. मीही मग अपेक्षा सोडून दिली.

तर यंदा भाऊबीज होऊन गेल्यावर, तृतीयेला की चतुर्थीला, संध्याकाळी मी भाट्याच्या समुद्रावर गेले. फिरायला नाही, फोटो काढायला. हल्ली वस्तू करण्याइतकाच वेळ ती केली आहे हे दाखवण्यात जातो. नव्वद कॅलेंडरं तयार झाली होती, साठ व्हायची होती, आणि विक्रीसाठी एक चांगला फोटो हवा होता. डोक्यात असं होतं, की सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला चंद्राची कोर दिसेल, तिच्या शेजारी कॅलेंडराचा कागद असा धरायचा की खरी कोर आणि माझी कोर जवळजवळ दिसतील. सुरूच्या झाडांपाशी चपला काढल्या, ओल्या वाळूत उभी राहिले, डाव्या हातात कागद, उजव्यात फोन. पट्टा बांधलेल्या अंगठ्याने फोटो काढणं हा एक वेगळाच खटाटोप. तीन-चारदा कागद वाऱ्याने वळला. पाचव्यांदा नीट आला.

मी फोटो बघितला आणि मला वाटलं फोनने उलटा काढलाय.

वर बघितलं. आकाशातली कोर उजवीकडून खाली भरलेली होती. कागदावरची डावीकडून. तिची टोकं एका बाजूला, माझ्या कोरीची टोकं दुसऱ्या बाजूला. पुन्हा बघितलं. मग मागचा, पुढचा, पौर्णिमेपर्यंतचा आणि पौर्णिमेनंतरचा प्रत्येक चौकोन बघितला. माझ्या कॅलेंडरात शुद्ध पक्षात चंद्र वद्यातल्यासारखा होता आणि वद्य पक्षात शुद्धातल्यासारखा.

चूक कशी झाली हे मला तिथल्या तिथे कळलं. ठशात सगळं उलटं उमटतं, हे ठसे करणाराला पहिल्या दिवशी शिकवतात. मोठ्या चित्रांसाठी मी ट्रेसिंगचा कागद उलटा करून घेते, अक्षरं उलटी कोरते, त्यात कधी चुकले नाही. पण चंद्र म्हणजे काय, एक कोर! सात छोटे शिक्के केले होते, बारीक कोरीपासून पौर्णिमेच्या आदल्या चंद्रापर्यंत, दोन दिवसांना एक. आंब्याच्या पेटीच्या फळीचे तुकडे कापून त्यावर चिकटवले, पाठीवर बॉलपेनने वरची बाजू दाखवणारा बाण काढला. शुद्धात बाण वर, वद्यात बाण खाली. कोर कोरताना जशी दिसते तशीच सरळ कोरली, आणि उठली उलटी. तेच शिक्के पहिल्या वर्षापासून वापरतेय. म्हणजे ही नव्वद कॅलेंडरं नाही, चारही वर्षांची सगळी.

समुद्रकाठी जन्मले, वाढले, चंद्र विकून पोट भरते, आणि तो कुठल्या बाजूने वाढतो हे मला माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आधी हसायला आलं. मग पुण्याच्या एका बाईंचा निरोप आठवला. त्यांनी मागच्या वर्षी लिहिलं होतं की तुमच्या चंद्रांमुळे आमच्या घरात सगळे रोज आकाशाकडे बघायला लागले. बघायला लागले म्हणे! चार वर्षं, इतकी घरं, भिंतीवर रोज उलटा चंद्र, आणि एकालाही दिसला नाही. मला राग आला, आणि रागावायला तोंड नाही म्हणून जास्तच आला. मीसुद्धा बघितलं नव्हतं ना. भेळेच्या गाडीपाशी येईपर्यंत मी पूर्ण दमून गेले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने कागद उजेडात धरला, मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केली आणि म्हणाली, "मग आता परत कोरायचे?"

कोरायचे नव्हते, हीच तर थट्टा. शिक्का नुसता फिरवून धरायचा होता. पाठीवरचा बाण खोडून दुसऱ्या टोकाला काढला की झालं. चार वर्षांची चूक दुरुस्त करायला मला चार मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांकडे गेले. सांगायलाच हवं होतं. भरतीच्या वेळा त्यांनी तपासलेल्या, गणित त्यांचं, आणि त्यावर मी असले चंद्र लावले. शिवाय मनात एक खुपत होतं. हा माणूस आयुष्यभर समुद्रावर राहिलेला, रमजानच्या शेवटी पडवीच्या पायरीवर उभा राहून ईदचा चंद्र शोधणारा. याला तर चूक पहिल्याच वर्षी दिसली असणार. दिसूनही गप्प बसला असेल तर का? कीव आली म्हणून?

चाचा खुर्चीतच होते. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "चाचा, माझ्या कॅलेंडरातला चंद्र..."

पुढचं मला बोलूच दिलं नाही. त्यांचा चेहरा एकदम फुलला. "इतक्या सालांनी इषय काढलंस," ते म्हणाले. "ये. आत ये."

त्यांच्या झोपायच्या खोलीत मी कधी गेले नव्हते. पलंगाच्या समोरच्या भिंतीवर एकाच खिळ्याला माझी चारही कॅलेंडरं होती, एकावर एक. जुनं वर्ष काढून टाकलेलं नव्हतं. चाचांनी वरची पानं उचलून मागचं, त्याच्या मागचं दाखवलं.

"पयल्या साली तू दिलंस, तवा मी बघितला आणि माजा मनच भरून आला," ते म्हणाले. "मना वाटला, मी सांगितलेली बात बायनं ध्यानात ठेवली. मानसं हं हं करतात, ध्यानात कोन ठेवतो? तू डर्बनचा चाँद काढलंस."

मला काही कळेना. 

"इसरलीस काय? मी बोललो नव्हतो, खाली दक्षिनेला गेला की चाँद उलटा?" त्यांनी तळहाताची कोर करून दाखवली. "पयलीच सफर माजी. एकोनीस वर्साचा व्हतो. खाली आफ्रिकेच्या टोकाला, डर्बनला बोट लागलेली, आणि ईदचा चाँद दिसला. बघतो तर ह्या अंगाला! सगळे गळे मिळतायत, आणि मी कठड्याला धरून रडतोय. मना वाटला, घर तर लांब रायलाच, आता चाँद पन आपला नाय. मग सारंगानं, आमच्या खलाशांच्या मुकादमानं, समजावला, तोच हाय रे, आपन उलटे झालो." ते हसले. "घरच्यांना सांगितला तर कोन इश्वास ठेवी ना. तू ठेवलंस."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्याच्यासाठीच काढलंस ना?"

मी "हो" म्हणाले.

बोलून गेले खरी, पण घरी येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता. ते कधी सांगितलं त्यांनी मला? आठवायचा खूप प्रयत्न केला. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी त्यांच्या पडवीत बसून तेच सात शिक्के कोरत होते, एवढं आठवलं. त्यांचा आवाज आठवला. शब्द एकही आठवला नाही. मी चंद्र कोरत असताना समोरचा माणूस मला चंद्राचीच गोष्ट सांगत होता आणि मी "हं, हं" करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझं काम कुणी बघत नाही म्हणून मी दुकान बंद करायला निघाले होते, आणि एक माणूस पलंगावर पडून चार वर्षं रोज बघत होता. पण तो जे बघत होता ते मी केलंच नव्हतं.

त्या रात्री मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

उरलेली साठ कॅलेंडरं सरळ चंद्रांची केली. आधीच्या नव्वदांत चिठ्ठी घातली, की यातले चंद्र माझ्या चुकीने उलटे छापले गेले आहेत, नको असल्यास परत पाठवा. एकही परत आलं नाही. तिघांनी हसरे चेहरे पाठवले, एकीने "सो क्यूट" लिहिलं, आणि एका गृहस्थांनी विचारलं, उलट्या चंद्राची आणखी दोन मिळतील का? काय बोलणार!

चाचांना नव्वदांतलं एक उचलून दिलं असतं तर भागलं असतं. तसंच दिसलं असतं. पण मला ते देववेना. सगळं पाठवून झाल्यावर डिसेंबरात एक दिवस मी चंद्र न उठवलेले कागद घेतले, शिक्क्यांच्या पाठीवरचे नवे बाण खाली केले आणि सकाळपासून बसले. हात आता सरळ चंद्राला सरावला होता, त्यामुळे प्रत्येक चौकोनापाशी थांबावं लागत होतं. इथे कोर डावीकडे. इथे डावीकडे, थोडी जाड. एवढं लक्ष देऊन मी आधी एकही चंद्र उठवला नव्हता. दुपारी अंगठा इतका ठणकायला लागला की पट्टा सोडून गरम पाण्यात हात धरला आणि पुन्हा बसले.

संध्याकाळी आई चहा घेऊन आली. "काय गो, आज किती चंद्र झाले?"

"एकाचे," मी म्हटलं.

"दिवसभरात?" असं म्हणून तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा आत न जाता समोर बसली.

दुसऱ्या दिवशी शाई वाळल्यावर मी ते कॅलेंडर घेऊन चाचांकडे गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. "चाचा," म्हटलं, "आधीची चार चुकून झाली होती. मला ठसा उलटा कोरायचं भान राहिलं नाही, म्हणून चंद्र उलटे आले. तुमची गोष्ट मला आठवतसुद्धा नव्हती. त्या दिवशी मी खोटं बोलले. हे एक मात्र मुद्दाम काढलंय, तुमच्यासाठी."

चाचांनी कॅलेंडर लांब धरलं. जानेवारी बघितला, फेब्रुवारी बघितला. 

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी तू हो बोललीस, तवाच तुजा तोंड बघून समजला. बोटीवर खोटा बोलनारी मानसं काय कमी बघितली?" त्यांनी पान उलटलं. "पन हो बोललीस ना. म्हटला, बोललीय तर आता काढील."

मला रडू आलं. आवरलं नाही. चाचा मार्च, एप्रिल बघत राहिले, जसं काही मी तिथे नाहीच. सगळी बारा पानं झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी मान हलवली.

"पुडल्या सालच्या भरत्या कधी तपासायच्या?" त्यांनी विचारलं.

पुढचं साल नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. "बघू," म्हटलं. "अंगठा बरा राहिला तर."

"अंगठ्याचा सोड," चाचा म्हणाले. "कान बरा ठेव."

आणि त्यांनी डर्बनची ती सफर पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. या वेळी माझ्या हातात काही काम नव्हतं. मी पायरीवर बसून ऐकलं.